ओळखणारा एक माणूस सोबत आणावा

मराठी माणूस आमच्या शूटिंग रेंजवर बंदूक भाड्याने मागायला येईल, असं मला सात वर्षांत कधी वाटलं नव्हतं. इथे कॅनडात, केंब्रिजला सगळे येतात. वाढदिवस साजरा करणारे, लग्नाआधी नवरदेवाला ओढत आणणारे, कार प्लांटची शिफ्ट सुटलेले, हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की आसपासचे शेतकरी. मराठी माणूस येत नाही. आमचा माणूस फारच भडकला तर पेपरला पत्र लिहितो.

मी शेरिल, मूळची वसईची. रेंजच्या काउंटरवर बसते. नेमबाजीत मला काडीचा रस नाही, त्या आवाजाने डोकं उठतं. पण आधी दहा वर्षं मी ग्रोसरीत उभी होते आणि इथे बसायला खुर्ची आहे. मालक स्टीव्हन आमच्याच चर्चचा, पोर्तुगीज घरातला. सहा फूट दोन इंच उंच, आणि कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी डोळ्यांत पाणी. माझा नवरा कॉन्रॅड म्हणतो, "त्याने तुला नोकरी दिली ती तुझ्या चौकशांसाठी. फुकट करत होतीस, आता पगार मिळतो." खोटं कशाला बोलू, ते खरंच आहे.

आमच्याकडे भाड्याची बंदूक रेंजच्या आतच, आमच्या माणसाच्या नजरेखाली चालवायची असते. तरीही स्टीव्हनने एक नियम केलाय. ज्याचं स्वतःचं लायसन्स नाही आणि जो पहिल्यांदाच आलाय, त्याला एकट्याला बंदूक मिळणार नाही. त्याला निदान वर्षभर ओळखणारा एक माणूस त्याने सोबत आणावा. दोघांशी वेगवेगळं बोलायचं. जरा जरी शंका आली तर बंदूक नाही, आणि कारण सांगायला आम्ही बांधील नाही. स्टीव्हनचा एक मित्र दुसऱ्या गावच्या रेंजवर एकटा गेला होता आणि घरी परतला नाही. तिथल्या काउंटरवरच्या माणसाने त्याला हसून 'हॅव फन' म्हटलं होतं. स्टीव्हनने हे मला एकदाच सांगितलं आणि दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे जे शिकले ते थोडक्यात एवढंच, की शंका आली तर सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं शिरत नाही, असलेलं बाहेर पडतं.

तर नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी एक गृहस्थ आत आले. पंचाहत्तरी ओलांडलेली. कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाडजूड पार्का जॅकेट. दारातल्या पायपुसण्यावर त्यांनी बूट इतके पुसले की पायपुसणं स्वच्छ झालं. मग काउंटरशी ताठ उभे राहून म्हणाले, "गुड मॉर्निंग. आय वुड लाइक टु रेंट अ फायरआर्म. वन अवर."

त्यांच्या इंग्रजीतला मराठी ठसका पन्नास वर्षांच्या बर्फानेही झिजला नव्हता. मी म्हटलं, "काका, पुण्याचे का?"

त्यांचा चेहरा पडला. चोरून सिगारेट ओढताना शेजारीण भेटावी तसं झालं त्यांचं. "सांगलीचा," ते म्हणाले. "तुम्ही मराठी? इथे?"

"का? मराठी माणसाने इंजिनिअरच व्हायचं का?"

"मी इंजिनिअर आहे," ते म्हणाले. ते काही सांगायची गरज नव्हती. खिशाला दोन पेनं होती.

मी त्यांना नियम सांगितला. "एकट्याला देता येत नाही, काका. कुणाला तरी घेऊन या."

"म्हणजे तुम्ही मला रिफ्यूज करताय?"

"रूल आहे."

"लिहिलेला आहे? दाखवा."

दाखवला. त्यांनी चष्मा बदलून तो दोनदा वाचला, मग पेन काढून तिसऱ्या ओळीवर टेकवलं. "हे व्हेग आहे. 'ओळखणारा' म्हणजे काय? नाव माहीत असणारा? की स्वभाव माहीत असणारा? ड्राफ्टिंग कुणी केलंय?"

"मालकाने. तो मनाने चांगला आहे."

"ते ड्राफ्टिंगमध्ये दिसत नाही."

मला हा माणूस आवडला. नाव भाऊसाहेब. घरी कोण असतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, एकटाच. मिसेस आनंदी मार्चमध्ये गेल्या. मुलगी नीरजा ओटावाला, सरकारी नोकरीत. हे सगळं त्यांनी फॉर्म भरल्यासारखं सांगितलं. मग म्हणाले, "उद्या दहा वाजता तुमचा साक्षीदार घेऊन येतो," आणि मला वेळ लिहून ठेवायला लावली.

आता माझी चूक कबूल करते. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. नाक खुपसण्यात वसईत माझा हात कुणी धरणार नाही, ट्रेनिंग झालेलं, सर्टिफिकेट भिंतीवर, आणि मला वाटलं काय, तर म्हाताऱ्याला हौस आलीय! शिकलेला, पेन्शन असलेला, खिशाला दोन पेनं लावणारा आपला माणूस. असले लोक असलं काही करत नाहीत, अशी माझी ठाम समजूत. त्या दिवशी माझ्यावर सोपवलं असतं, तर मी त्यांना चांगली हलकी बंदूक निवडून दिली असती.

बुधवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना ते आले. सोबत साठीतला एक गोल, हसरा माणूस. लोकरीची टोपी, हातात सगळ्यांसाठी कॉफी, मलाही एक. हा नंदन, मराठी मंडळाचा अध्यक्ष. आत येताच त्याने भिंतीवरच्या टार्गेटशेजारी उभं राहून सेल्फी काढला. "ताई, मी भाऊसाहेबांना म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथे येतो! फर्स्ट टाइम त्यांनी मला कुठे बोलावलंय. बावीस वर्षांत फर्स्ट टाइम!"

भाऊसाहेब भिंतीवरचा आग लागल्यास बाहेर पडण्याचा नकाशा तपासत उभे राहिले. मी नंदनला कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं आणि ठरलेले प्रश्न सुरू केले. किती वर्षं ओळखता? स्वभाव कसा? अलीकडे काही बदल जाणवला?

"बदल?" नंदन खुलला. "ताई, कायापालट! हा माणूस म्हणजे मंडळाला लागलेली साडेसाती होती. घटना यांनीच लिहिलेली, त्यामुळे दर मीटिंगला 'कलम अकरा, कलम बारा'. गणपतीच्या आरतीला पाच मिनिटं उशीर झाला तर लेखी निषेध. आणि गेल्या महिन्यात काय झालं माहितीये? कमिटीचा राजीनामा! एकतीस वर्षांनी. निषेध नाही, भाषण नाही. आम्ही घरी जाऊन सेलिब्रेट केलं."

"आणखी?"

"मला हार्मोनियम दिली. आनंदीवहिनींची. म्हटलं, भाऊसाहेब, अहो, ठेवा की. तर म्हणाले, तुझ्याकडे वाजेल. आणि मला म्हणाले, नंदन, तू अध्यक्ष चांगला आहेस." त्याचे डोळे चमकले. "मी बायकोला फोन करून सांगितलं. तिचा विश्वास बसेना."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. "आणखी काही?"

"हो, डबे! वहिनी गेल्यावर सगळ्या बायकांनी त्यांना डबे पोचवले होते ना, महिनाभर. ते यांच्याकडेच पडलेले. गेल्या रविवारी स्वतः गाडी घेऊन अकरा घरी फिरले. प्रत्येक डबा लखलखीत घासलेला, नावाची चिठ्ठी लावलेला. किती व्यवस्थित बघा. फक्त रिकामे दिले. आमच्या मंडळातली अनुया म्हणाली, अहो, रिकामा डबा परत देतात का कुणी? पण पुरुषमाणूस, एकटा, त्याला काय कळतंय म्हणून सोडून दिलं."

आम्ही ख्रिस्ती आणि हे लोक हिंदू. आमची देवळं वेगळी, सण वेगळे, मटणाचे मसालेही वेगळे. पण शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन लिंबं, पण काहीतरी घालायचं. कारण डबा पुन्हा यायचा असतो. मी विचारलं, "वहिनी असताना कसे यायचे डबे?"

"वहिनी? छे, भरून! आणि वहिनींनी विसरलं तर हेच पाठीमागून खडीसाखर घेऊन धावत यायचे. म्हणायचे, प्रोसिजर आहे ती."

म्हणजे कळत होतं. चांगलं कळत होतं. आणि अकरा डबे रिकामे गेले होते.

नंदन अजून हसत होता. त्याने मला सगळं सांगितलं होतं, एकेक गोष्ट आनंदाची बातमी म्हणून. त्याच्यावर काय रागावणार? अख्खं मंडळ खूश होतं. खडूस माणूस गोड वागायला लागला की आपण देवाचे आभार मानतो, त्याला विचारत नाही की बाबा रे, तुला झालंय काय. मी स्वतः कालच त्या यादीत जाऊन बसले होते.

मी स्टीव्हनला डोळ्यांनी खुणावलं. त्याने बंदुकांच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि आतल्या दारापाशी उभा राहिला. मी भाऊसाहेबांजवळ गेले.

"हा एक्झिट प्लॅन चुकीचा आहे," ते म्हणाले. "हे दार आत उघडतं. बाहेर उघडायला हवं."

"सांगते मालकाला. काका, बसा जरा."

ते बसले. मी शेजारी बसले. खरं सांगते, त्या क्षणी ट्रेनिंगमधलं एक वाक्य आठवेना. वडिलांच्या वयाचा माणूस, त्याला कसं विचारायचं? पण भीड भिकेची बहीण. मी म्हटलं, "काका, जीव द्यायचा विचार आहे का तुमच्या मनात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हा प्रश्न तुमच्या फॉर्मवर नाही."

"नाही. हा मी विचारतेय."

आतल्या बाजूला कुणीतरी दोन बार काढले. मी दचकले, ते दचकले नाहीत. मग ते म्हणाले, "हो."

मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंत." आणि मला खरंच बरं वाटलं, कारण आता ते माझ्यापाशी बसलेले होते आणि बोलत होते.

"सगळी कामं आटोपली," ते म्हणाले. "आनंदीचं सगळं केलं. कागदपत्रं लावली. नीरजाचं व्यवस्थित आहे. प्रोजेक्ट संपलं की साइट रिकामी करून द्यायची असते. उगाच अडवून ठेवू नये."

"आणि काल मी नाही म्हटल्यावर?"

"संताप आला. घरी गेलो, तुमच्या मालकाला त्या ड्राफ्टिंगबद्दल पत्र लिहायला बसलो. चार पानं झाली. मग झोप लागली. सात तास." ते थांबले. "मार्चनंतर पहिल्यांदा."

"मग आज कशाला आलात, काका?"

"दहाची वेळ दिली होती ना तुम्हाला." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसावं की रडावं कळेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ त्या दिवशी माझ्या फार उपयोगी पडला. "आणि माणूस आणायचा होता," ते पुढे म्हणाले. "मला ओळखणारा. मंडळाची अख्खी यादी वाचली, एकशे चाळीस नावं. प्रत्येकापुढे विचार केला, हा मला ओळखतो का? शेवटी नंदन. बावीस वर्षं भांडतोय माझ्याशी. म्हणजे ओळखत असणार."

"बंदूक तुम्हाला मिळणार नाही," मी म्हटलं. "आज नाही, कधीच नाही. आणि आज तुम्ही एकटे घरी जाणार नाही. साइट रिकामी करायला ती तुमच्या एकट्याच्या नावावर नाही."

मी मागे वळले तर नंदन उभा. टोपी काढून हातात धरलेली. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. त्याचा गोल चेहरा पार उतरला होता. तो भाऊसाहेबांसमोर आला आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये बसणारं नव्हतं.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही सुधारलात हो!"

मग भाऊसाहेबांच्या खांद्यांना झटका बसला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. नाकातून, आवाज न करता, चष्मा काढून. आणि मग हसता हसता रडायला लागले, आणि नंदनही रडायला लागला. दारापाशी स्टीव्हनला मराठीचा एक शब्द कळला नव्हता, तो आमच्या सगळ्यांच्या आधीच रडत होता.

"ती हार्मोनियम मी आजच परत आणतो," नंदन म्हणाला.

"आणू नकोस. तुला भाता मारता येत नाही, शीक आधी." भाऊसाहेबांनी नाक पुसलं. "आणि मीटिंगला कोरम नसताना ठराव घेतलास तू. ऐकलंय मी."

"घेतला," नंदन म्हणाला. "निषेध नोंदवायला या."

मी नऊ-आठ-आठ लावला, आमच्याकडची मदतीची लाइन, आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती. हे आधी तिला तिच्या प्रश्नांचा क्रम कसा चुकतोय ते सांगत होते, मग हळूहळू उत्तरं द्यायला लागले. चाळीस मिनिटं बोलले. पुढचं सगळं तिथून रांगेने झालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर, मग औषधं, मग जोडीदार गेलेल्यांचा गुरुवारचा गट, ज्याच्या नियमावलीत त्यांनी आता सात दुरुस्त्या सुचवल्यात. एका दिवसात काही बरं झालं नाही. वाईट आठवडेही आले. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

फोनवरच्या त्या बाईने सांगितलं होतं, मुलीला कळवा. भाऊसाहेब तयार नव्हते. "ती ऑफिसात असेल. मी रविवारी करतो तिला फोन, दहा वाजता. आज बुधवार आहे."

"लावा," मी म्हटलं.

लावला. स्पीकरवर. नीरजाचा आवाज आला, "Baba? It's Wednesday. What's wrong?"

"काही नाही, काही नाही. सहज," ते म्हणाले. "तू कशी आहेस? थंडी किती आहे तिकडे?"

नंदन तोंड उघडणार होता. मी त्याचा दंड घट्ट धरला. हे दुसऱ्या कुणी सांगून चालणार नव्हतं. भाऊसाहेबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली.

"नीरजा," ते म्हणाले, "मी ठीक नाहीये."

त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला.

"मी अजिबात ठीक नाहीये गं. तू ये."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, किल्ल्यांचा आवाज आला, आणि मग आयुष्यभर बापाला इंग्रजीत उत्तरं दिलेली ती बाई मराठीत म्हणाली, "बाबा, फोन ठेवू नका. मी गाडीत बसतेय. फोन ठेवायचा नाही."

त्यांनी ठेवला नाही. ओटावाहून केंब्रिज पाच तासांच्या वर. गाडीच्या स्पीकरवर ती, आमच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी हे. वाटेतल्या किंग्स्टनपर्यंत ते तिला ट्रकच्या मागे अंतर किती ठेवायचं ते सांगत होते. किंग्स्टननंतर आनंदीबद्दल बोलायला लागले. तेव्हा मी आणि नंदन उठून लांब बसलो. मधे फोनची बॅटरी संपत आली, तर नंदन बिनटोपीचा धावत जाऊन गाडीतून चार्जर घेऊन आला. स्टीव्हनने त्या दिवशी आतली नेमबाजी बंद ठेवली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, दुरुस्ती चालू आहे.

चार वाजून गेल्यावर दार उघडलं. पन्नाशीची एक बाई, ऑफिसच्या पातळ कोटात, पायात बर्फाचे बूटसुद्धा नाहीत. फोन अजून कानाला. भाऊसाहेब उठून उभे राहिले, त्यांचाही फोन कानाला. दहा फुटांवरून दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघांपैकी कुणीही फोन खाली करेना.

"आलीस?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"आले," ती फोनमध्ये म्हणाली.